दोन बंदरांची तारली

लग्न झालं आणि आमचे हे कोकणात गेले, माशांची हाडं मोजायला. हसू नका. दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात सगळे असेच हसायचे. वऱ्हाड तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कपाशीवाल्याचा पोरगा सायन्स शिकला, तर सरकारनं त्याला नेऊन समुद्राकाठी बसवलं. मी राहिले इकडे, सासूसासऱ्यांजवळ. हे यायचे दिवाळीला आणि होळीला.

एका दिवाळीला ह्यांनी दोन पुडकी आणली. तारली नावाच्या लहान मासळीचे कणे होते, उकळून, वाळवून ठेवलेले. लाल दोऱ्याचं पुडकं एका बंदराचं, निळ्या दोऱ्याचं दुसऱ्याचं.

"दिसायले दोन्हीकडची सारखीच," हे म्हणाले. "पण कूळ एक का दोन, ते पाहाचं आहे. कूळ दोन असले तर मणके कमीजास्त निघतात."

"अन् समजून काय करता?"

"एका बंदरानं लय मासळी मारली तर दुसऱ्याची घटते का नाही, ते समजते." मग हळूच म्हणाले, "एकच कूळ निघालं तर माहं काम संपलं. मंग यवतमाळले मास्तरकी पाहतो."

अगं बाई! मला आणखी काय पाहिजे होतं? ह्यांची सुटी संपली तेव्हा मीच म्हटलं, राहू द्या पुडकी, मी मोजते.

आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नसे. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "देवाच्या घरात हाडकं! लोक म्हणतीन, सून भानामती करते." म्हणून मी गोठ्यात बसायची. कापूस वेचून आलं की काळं फडकं पसरायचं आणि सुईच्या टोकानं एकेक मणका सरकवायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. शेजारणींनी येणंजाणं सोडलं. मग मी त्या हाडांशीच बोलायची. "सारखे निघा रे बाप्पा, माह्या नवऱ्याले घरी येऊ द्या." ह्यांची फार आठवण यायची, त्यात लाजायचं काय? एखादा मणका इकडचा तिकडे करावा असंही वाटायचं. पण केला नाही.

होळीला हे आले. पाय धुवायच्या आधीच मी सांगून टाकलं, "दोन्ही सारखेच!"

ह्यांनी थोडे पुन्हा मोजून पाहिले आणि खूश झाले. "बराबर मोजले तुनं. पण मणके सारखे म्हणजे रक्त सारखं, असं नसते. आता रक्त तपासा लागन."

"किती दिवस?"

"तीन-चार वर्षं तरी."

माझं डोकंच फिरलं. पुरणाचा डाव मी आपटलाच. मला समजवायला म्हणून हे सांगू लागले, "हे मासे वर्षभर एकमेकात मिसळून फिरतात, ओळखू येत नाहीत. पण अंडे घालाची वेळ आली का ज्याचा तो आपल्या पाण्यात वापस जात असन, असं मले वाटते."

"मंग तुमचं पाणी कोणतं?" मी विचारलं.

"तिकडचं," हे म्हणाले. विचार करायलासुद्धा थांबले नाहीत. मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. त्या खोट्यावर मी आणखी तीन-चार वर्षं काढली असती.