मिस अर्लीनच्या हातचं स्टिकर

मिस अर्लीन टॉलिव्हर आमच्या मतदान केंद्रावर बाहेर जायच्या दाराशी बसायच्या. हातात 'मी मतदान केलं' असं छापलेल्या स्टिकरांचं भेंडोळं. बावीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. मतपत्रिका मतं मोजणाऱ्या यंत्रात गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, मगच एक स्टिकर सोलून द्यायच्या. एकाला एकच. एकदा खुद्द महापौर नातवासाठी जादाचं मागायला लागले, तर म्हणाल्या, "अठरा वर्षांचा झाला की पाठवा त्याला. मी इथेच बसलेय."

खरं सांगते, मला त्यांचा हा ताठा अति वाटायचा. एवढासा चिकट कागद, त्याचं केवढं ते कौतुक! पण मी मतदारांच्या यादीवर सह्या घेणारी, आणि लहानपणी शाळेत मला वाचायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी काय टाप?

दोन वर्षांपासून त्यांचे मिस्टर, क्लिओफस टॉलिव्हर, विसरायला लागले होते. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. तरी गेल्या नोव्हेंबरात मिस अर्लीन त्यांना सकाळी सातला घेऊन आल्या. त्यांनी माझ्यासमोर सही केली, मत दिलं, छातीवर स्टिकर लावून घेतलं आणि पुतणीबरोबर घरी गेले.

दुपारी एकच्या सुमारास ते परत आले. एकटेच. अंगात दुसरा कोट, चर्चला घालायचा. हॅट काढून दोन्ही हातांत धरलेली.

"बाईसाहेब, मला मत द्यायचंय."

"अहो मिस्टर क्लिओफस, सकाळीच दिलंत की तुम्ही!" मी हसत म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आजही नाही?"

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना आठवण करून द्यायची गरज नव्हती. साठेक वर्षांपूर्वी, एकविसाव्या वर्षी, क्लिओफस नाव नोंदवायला जिल्ह्याच्या कचेरीत गेले होते. आमच्या अलाबामात तेव्हा काळ्या माणसाला आधी दिवसभर ताटकळत ठेवायचे, मग कायद्याच्या पुस्तकातले प्रश्न विचारायचे. उत्तरं काहीही द्या, नापास. ते तीनदा गेले. तिसऱ्यांदा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडाच्या गिरणीतली नोकरीही गेली.

मी मिस अर्लीनजवळ जाऊन कुजबुजले, "भिंतीवरची ती नमुन्याची मतपत्रिका देऊ या का त्यांना? भरतील, स्टिकर घेतील, खुशीत घरी जातील. कुणाचं काय बिघडतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा दुसरीत गेले.

"खोटा कागद हातात देऊन परत पाठवायचं? अगं, एवढं तर त्या कचेरीतल्या लोकांनीही केलं नव्हतं."

त्या उठल्या आणि माझ्या टेबलाशी आल्या. मिस्टर क्लिओफसनी त्यांच्याकडे बघून मान खाली घातली.

"बाईसाहेब, मी सगळं पाठ करून आलोय."

एकोणपन्नास वर्षांच्या संसारानंतर आपल्या बायकोला बाईसाहेब! पण मिस अर्लीनचा आवाज वर्गात असायचा तसाच होता. त्यांनी यादी फिरवून त्यांच्यासमोर धरली.

"मिस्टर टॉलिव्हर, ही सही बघा."

त्या कचेरीत त्यांना कधीच कुणी मिस्टर म्हटलं नव्हतं. त्यांनी सहीवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं.

"ही माझी आहे."

"तुमचीच. आज सकाळची."

"मी मत दिलं?"

"दिलंत."

"कुणाला?"

"ते विचारायचा हक्क कुणालाच नाही. मलाही नाही."

त्यांचं बोट पुन्हा सहीवर गेलं. "किती प्रश्न विचारले मला?"

"नाव विचारलं, ओळखपत्र बघितलं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"नुसतं नाव?"

"नुसतं नाव, मिस्टर टॉलिव्हर."

ते खुर्चीत बसले आणि हॅटमध्ये तोंड लपवून रडले. मीही रडले, लाज कसली त्यात? रांगेतून कुणीही घाई करा म्हटलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. मिस अर्लीननी भेंडोळ्यातून एक स्टिकर सोललं. त्यांनी एका माणसाला दुसरं स्टिकर दिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी ते मिस्टर क्लिओफसच्या कोटावर लावलं आणि तळव्याने दाबून बसवलं.

मिस्टर क्लिओफस उठून ताठ उभे राहिले.

"आभारी आहे, बाईसाहेब. आता निघतो. घरी बायकोला सांगायचंय."

"सांगा," मिस अर्लीन म्हणाल्या. "ती वाटच बघतेय."