मावशीनं कधीच न दाबलेलं बटण

माझा पहिला सर्व्हर शनिवार उजाडला की मान टाकायचा. सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी शहरात अखंड चालू असलेला भाड्याचा कंप्यूटर. माझी वेबसाइट त्याच्यावर होती. मावळात फिरायला आलेल्यांना गावातल्या घरी बसून पिठलं-भाकरी खायची असेल, तर त्यांनी तिथं घर निवडायचं, निरोप टाकायचा आणि घरच्या बाईनं फोनवर हिरवं बटण दाबलं की जेवण पक्कं. हिरव्यावर ‘या’ लिहिलेलं, लालवर ‘जागा नाही’. वडगावच्या दोन खोल्यांत बसून मी एकटीनं हे सगळं उभं केलं होतं आणि त्याची मला भलतीच घमेंड होती.

पावसाळ्यात गर्दी अशी वाढली की सर्व्हर चार-दोन निरोप घ्यायचा आणि आडवा व्हायचा. नवरा चहा पीत म्हणायचा, “निजला वाटतं तुझा लाडका.” माझं डोकंच फिरायचं. शेवटी पेटले हट्टाला. एकाचे चार सर्व्हर केले आणि त्यांच्या दारात एक राखणदार बसवला. आलेल्या माणसाला तो ज्याच्याकडे काम कमी त्याच्याकडे धाडायचा. आधी नुसता गोंधळ. एका सर्व्हरनं ओळखलेला माणूस दुसऱ्याकडे गेला की तिथं त्याला ‘आपण कोण’ म्हणून विचारायचे, वरमाईला मांडवाच्या दारात अडवावं तसं. तेही निस्तरलं. मग एका शनिवारी चारही सर्व्हर गुमान चालत राहिले आणि मी उलथनं हातात घेऊन खोलीभर नाचले. नवराही नाचला, कारण माझ्या रागातून त्याची सुटका झाली होती.

दुसऱ्या दिवशी भाजे गावाहून मावशीचा फोन. माझी सख्खी मावशी. वेबसाइटवरचं पहिलं घर तिचंच.

“अगं, लय मानसं आल्यात. मळवलीच्या रस्त्यानं अजून येत्यातच. तू ये बरं हितं.”

स्कूटरवरून दोघं पोचलो. ओट्यावर, अंगणात ताडपत्रीखाली, गोठ्याच्या कडेला, सगळीकडे शहरातली माणसं ओले बूट काढून भुकेली बसलेली. आणि मावशी एका चुलीपुढं, एका तव्यावर, एकेक भाकरी भाजत होती.

“मावशी, लाल बटण का नाही दाबलंस?”

“ते व्हय? ते म्या कदीच दाबलं न्हाई.” तिनं भाकरी उलटली. “जेवायला येऊ का म्हनून मानूस इचारतंय, त्याला न्हाई म्हनू? तुज्या आईनं काय शिकवलं गं तुला?”

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतके दिवस मावशीला वाचवत होता तो माझा रडका सर्व्हर. तो मान टाकायचा म्हणून निरोप थोडे पोचायचे. आता चौघांनी मिळून एकूण एक निरोप तिच्यापुढं आणून ठेवला होता आणि तिनं सगळ्यांना ‘या’ म्हटलं होतं. मला हसू आवरेना. मावशी मात्र रडकुंडीला आली होती. “माज्या दारातनं आजवर कुनी उपाशी गेलं न्हाई,” ती म्हणाली.

“मावशी, एका तव्याचं काम नाही हे. आणखी तवे लागतील.” मला दुसरं येत तरी काय होतं?

जवळ दुसरी चूल एकच, अंगणापलीकडच्या घरातली, आणि ते घर तिच्या जावेचं. जावेच्या कोंबड्यांनी मावशीचा कोथिंबिरीचा वाफा उकरला, त्यावरून जे बिनसलं ते कित्येक वर्षं तसंच. एका नळावर पाणी भरायच्या, पण एकमेकींशी अवाक्षर नाही. परक्या माणसाला न चुकता ‘या’ म्हणणारी माझी मावशी जावेच्या दारावरून मान फिरवून जायची. मी जाऊन विचारते म्हटलं, तर म्हणाली, तू बस.

मग तीच उठली. पिठाची परात कमरेवर घेतली, माणसांतून वाट काढत गेली आणि त्या दारात उभी राहिली.

“पाव्हनं लय आल्यात,” मावशी उंबऱ्याकडे बघत म्हणाली.

“दिसत्यात की मला,” आतून जाऊ म्हणाली. “कवाची चूल पेटवून बसलीय. आन हिकडं ती परात.”

मावशीनं पदर तोंडाला लावला. हसत होती आणि रडतही होती. मीही तेच करत होते.

पुढं नुसती धमाल. दोन्ही चुली धडाडल्या, मी कांदे फोडले, नवरा वाढायला लागला आणि एका काकांना त्यानं तीनदा पिठलं वाढलं. “मीठ लय पडलंय तुजं,” जाऊ तिकडून ओरडायची. “तुजं कमी पडलंय,” मावशी इकडून. इतक्या वर्षांचं बोलणं दोघींनी त्या मिठावर काढलं. सगळी माणसं पोटभर जेवून गेली.

भांडी आटोपल्यावर जाऊ पदराला हात पुसत माझ्याजवळ आली. “पोरी, माजं बी घर टाक तुज्या त्या येबसाइटवर.”

मी लगेच फोन काढला आणि मावशीच्या घराच्या खाली तिचं घर घालायला लागले. तिनं वाकून बघितलं आणि माझं मनगट धरलं.

“खाली नको,” ती म्हणाली. “तिच्या शेजारी घाल.”