ऊन खाणारी चित्रं

ऊन वाया जातं म्हणून हळहळणारा माणूस उभ्या वऱ्हाडात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. चैत्र लागला की आम्ही अकोल्याची माणसं खिडक्यांना ओले पडदे लावून अंधारात बसतो. त्याच वेळी मामा तिवश्याजवळच्या आपल्या घराच्या गच्चीवर चित्रं वाळत घालत. एका बाजूला मामींच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला मामांची तैलचित्रं आणि मधे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, हातात काठी घेतलेले मामा. चिमण्या यायच्या कुरडयांवर आणि मामा राखण करायचे चित्रांची. "तेलाचं चित्र अंधारात ठेवलं का पिवळं पडते, जवाईबुवा. त्याले ऊन खाऊ घालत जा. अन् ऊन असावं तं तुमच्या अकोल्याचं! तुमी लोकं फुकट घालवून राहिले." जावई म्हणून त्या घरात मला मान होता तो एवढाच, की सावली सरकली की चित्रं सरकवायचं काम माझ्याकडे असे.

बाजारातला कॅनव्हास त्यांना चालत नसे. कापूस आपल्या वावरात पिकतो आणि कॅनव्हास मुंबईहून मागवायचा, हे त्यांना घरात गाय असून दुधाची पावडर आणल्यासारखं वाटे. म्हणून ते जुन्या खाटेच्या चौकटीवर मांजरपाट ताणत आणि त्याला चिंचोक्याची खळ लावत. ही खळ उंदरांना फार आवडली. लग्नानंतर मामांनी काढलेलं पहिलंवहिलं चित्र उंदरांनी पार फस्त केलं, चिंधीसुद्धा उरली नाही, असं मामी सांगत. मामांनी त्याचं दुःख न करता खळीत कडुनिंब घातला. पुढे एकदा त्यांनी वावरातली काळी माती तेलात घोटून रंग केला. चित्र झकास झालं आणि वैशाखात त्याला वावरासारख्याच भेगा पडल्या. मला वाईट वाटलं, पण मामा खूश! "पाहा, ह्या भेगा मी नाही काढल्या. मातीनं सोताच काढल्या!"

रंग कालवायला तेल लागे जवसाचं. आजूबाजूला सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी झाली, तरी मामा बांधालगत जवसाचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, पेरतच राहिले. ते पीक चटणीचं की चित्राचं, यावर नवरा-बायकोत दर साली भांडण होई. घाण्यावरून काढून आणलेलं तेल मामा बाटल्यांत भरून उन्हात महिना महिना ठेवत आणि ते मधासारखं दाट होई. धोंड्याच्या महिन्यात मी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा मामींनी चटणी वाढली आणि मामांनी प्रेमाने तिच्यावर नेमकी तीच बाटली ओतली. माझे ओठ एकमेकांना चिकटले. मी तोंड वाकडं केलेलं पाहून मामा उत्सुकतेनं पुढे सरकले. "जवाईबुवा, चव जाऊ द्या. वाळून राहिलं का ते सांगा!"

पण हा सगळा खटाटोप होता एका निळ्या रंगासाठी. मामींचं माहेर बार्शीटाकळीकडचं. लहानपणी त्यांच्या वावरात जवस फुलायचा आणि हिवाळ्यातल्या सकाळी सगळं वावर निळं होऊन जायचं. दुपार होईतो पाकळ्या गळून पडत. नवी नवरी म्हणून आलेल्या मामींनी कधीतरी हे सांगितलं आणि मामांनी ते मनावर घेतलं. तो निळा मामींना परत दाखवायचा, एवढी एकच इच्छा त्या माणसाला जन्मभर होती. दर हिवाळ्यात नवा कॅनव्हास ताणला की मामींची उलटतपासणी सुरू होई. "बांध कोन्या अंगाले होता वं? तू कुठी उभी राहत होती? तुह्या बाबानं तुरी कुठी लावल्या होत्या?" मामी चुलीपुढून उत्तरं देत. चित्र पुरं झालं की पदराला हात पुसत येत, डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "अंहं. असा नोता." मामा मुळीच खचत नसत. "बरं, पुढच्या हंगामात पाहू," म्हणत ब्रश धुवायला जात.

नापिकीच्या आणि कर्जाच्या त्या वर्षांत 'पुढच्या हंगामात' हे शब्द गावात कुणाच्या तोंडी राहिले नव्हते. एखाद्या घरातला कर्ता माणूस आपल्या हातानं जाई आणि तेराव्याच्या आत कुणीतरी रेशनकार्डावरचा नखाएवढा फोटो घेऊन मामांच्या ओट्यावर येऊन बसे. घरात लावायला मोठं चित्र हवं असे. मामा नाही म्हणत नसत. फोटोतला माणूस दचकलेला असे. मामा त्याच्या घरच्यांना विचारून विचारून त्याला हसता करत. अशा दिवसांत ते जेवताना बोलत नसत. मी एकदा म्हटलं, मामा, थोडे दिवस हे सगळंच बंद ठेवा. ते म्हणाले, "बंद ठेवलं तं जवसाचं कोन पाहीन?"

मामा वय होऊन गेले, तेही हिवाळ्यातच. चौकटीवर निळा रंग अर्धाच लागला होता. उन्हाळ्यात मामी आमच्याकडे अकोल्याला आल्या, त्या आपल्या रुखवताच्या पेटीतून एक चित्र घेऊन. चौकटीवरून काढून लुगड्यात गुंडाळलेलं, पिवळं पडलेलं, गढूळ हिरवं. हे मी गच्चीवर कधी पाहिलं नव्हतं. अलीकडच्या एखाद्या हिवाळ्यातलं, मला दाखवायचं राहून गेलेलं असेल, असं मी धरून चाललो. "तुमचं ऊन चांगलं हाय म्हनत ते," मामी संकोचानं म्हणाल्या. मी चित्र रोज गच्चीवर नेऊन ठेवू लागलो. शेजारी हसले. हळूहळू पिवळेपणा उतरत गेला आणि एका सकाळी पाहतो तर समोर नुसता जवस फुललेला. मामींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि डोळे बारीक करून बघू लागल्या.

"हाच तो," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मामांना शेवटी जमलंच!"

"शेवटी कायचं? हे पह्यलं हाय. लग्न झालं त्या हिवाळ्यातलं. तवाच जमलं होतं त्याईले."

"पण ते तर उंदरांनी..."

"मीच सांगतलं तसं." त्या खाली बसल्या. "हो म्हटलं असतं, तं दुसऱ्या साली त्याईनं मले काहून इचारलं असतं, जवाईबुवा? मायबाप गेले, वावर इकलं गेलं. माह्या माहेराचं नाव काढनारं जगात तेवढं एकच मानूस होतं."

मामा त्या क्षणी फार हवेसे वाटले. पाण्याच्या टाकीची सावली चित्राच्या कोपऱ्यावर येत होती. मी उठायच्या आत मामी उठल्या, त्यांनी चित्र उन्हात सरकवलं आणि स्वतःही त्याच्याजवळ उन्हातच बसल्या.

"बांध या अंगाले होता," त्या हळूच म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.