तियाउपलीकडचे अकरा

पू चालथुआमा निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको पी रोहमिंगी निवृत्त नर्स; पू-पी म्हणजे आमच्याकडचे श्री-सौ. साठी उलटल्यावर चर्चने दोघांना दोन वर्षांच्या सेवेसाठी मिझोरामच्या सीमेवर, आमच्या झोखोथारला पाठवले. घर माझ्या शेजारचे. तियाउ नदीवरचा पूल ओलांडला की बर्मा. शनिवारी फाटकावर ओळखपत्र ठेवून दोघे पलीकडे जायचे आणि फाटक बंद व्हायच्या आत परत यायचे. ती औषधे द्यायची, रक्तदाब बघायची, ते प्रार्थना चालवायचे. मीही बहुतेक वेळा बरोबर असे. पिशवी धरायला कोणीतरी लागायचेच.

पलीकडच्या डोंगरात रोहमिंगीची थोरली बहीण साइथांगी राहत होती. लग्न होऊन तिकडे गेली त्याला चव्वेचाळीस वर्षे झाली. मधे एकदाच भेट, आईच्या मातीला. आमच्या पासावर रिह तलावाच्या पुढे जाता येत नसे. साइथांगीचे गुडघे गेलेले. जावयाच्या मोटारसायकलवर बसून तलावापर्यंत उतरायची, हीच तिची मजल. तेव्हा भेट व्हायची तर तलावाच्या काठी, शनिवारीच.

दोन वर्षांत पाच वेळा ठरले, पाचही वेळा फिसकटले. एकदा पाऊस, एकदा जावयाला ताप, दोनदा फाटकच उघडले नाही. पाचवी खेप मात्र आमचीच चूक. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, माझ्या वहीत तारीख आहे. वेळ ठरली होती अकराची. पूल ओलांडल्यावर पहिल्याच घरी चहा, दुसऱ्या घरी चहा, तिसऱ्या घरी चहा आणि प्रार्थना. पू चालथुआमांना नाही म्हणता येत नाही. डोळे मिटले की लवकर उघडताही येत नाहीत.

"माविआचे बाबा, अकरा होत आले," रोहमिंगी तिसऱ्यांदा म्हणाली.

"दहाच मिनिटे उशीर होईल. देवाच्या कामात दहा मिनिटे!"

तलावावर पोचलो तेव्हा त्यांच्या घड्याळात अकरा दहा. काठावर कोणी नव्हते. सुपारी विकणारी बाई म्हणाली, "एक म्हातारी तासभर बसली होती. बारा वाजले तशी रडत गेली."

"बारा कुठे वाजलेत?" पू चालथुआमा म्हणाले.

"दहा मिनिटांपूर्वी वाजले की, मास्तर. तुम्ही बर्मात उभे आहात."

पलीकडचे घड्याळ आपल्यापुढे तासभर असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हेडमास्तरांनी दोन वर्षांत एकदाही काटा हलवला नव्हता. चर्चची घंटा ज्या वेळेला वाजते तीच खरी वेळ, असे त्यांचे म्हणणे. पलीकडच्या मंडळींनीही मिशनरीचा मान म्हणून हे सांभाळून घेतले आणि प्रार्थना एकेक तास उशिरा धरल्या. वाट पाहत बसायचे ते साइथांगीच्याच वाट्याला आले.

परतताना पुलावर रोहमिंगी म्हणाली, "तुम्ही हजार लोकांना वेळेचे महत्त्व शिकवलेत."

सेवा संपायला एकच शनिवार उरला. मंगळवारी ऐझोलची सुमो ठरली होती. मिरच्यांच्या व्यापाऱ्याबरोबर तिने निरोप धाडला: शनिवार, अकरा. त्या सकाळी तिने आपले घड्याळ तासभर पुढे केले, चहाच्या घरांपुढून मान खाली घालून चालत गेली आणि बर्माच्या बरोबर अकराला तलावावर हजर झाली. छांगबानची, म्हणजे चिकट तांदळाच्या वड्यांची, पुरचुंडी मांडीवर. मागून धापा टाकत आम्ही.

साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. कोणी नाही.

"ती नाही येत आता," पू चालथुआमा म्हणाले. "बाराला इथेच वरच्या चर्चमध्ये आपला निरोपसमारंभ आहे. या वेळी मुद्दाम त्यांच्या घड्याळाने ठेवलाय. सगळे थांबलेत. ऊठ."

"तुम्ही जा."

"मी एकटा? आपण जोडीने पाठवलेले लोक आहोत."

"दोन वर्षे जोडीने चहा प्यायले. आज नाही उठायची."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणावे, म्हातारी तलावात पडली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सुपारी निवडत बसले. शेवटी ते एकटेच चढण चढून गेले.

बारा वाजता मोटारसायकल आली. मागच्या बाजूला दोरीने बांधल्यासारखी जावयाला घट्ट धरून साइथांगी. उतरायच्या आधीच ओरडली, "बघ, बरोबर अकरा! या वेळी तुझ्याच घड्याळाने आले!"

"ताई! मी तुझ्या घड्याळाने आले! तासभर इथे सुकतेय!"

"तुला कोणी सांगितले माझ्या घड्याळाने यायला?"

"मागच्या खेपेला तू रडत गेलीस म्हणून!"

"मी? मी कशाला रडेन? डोळ्यात धूळ गेली होती."

त्या दोघी गळ्यात पडल्या, पण भांडण थांबले नाही. जावयाला दीड तासात निघायचे होते. त्यातली वीस मिनिटे कोणाचे अकरा खरे यात गेली. मला इतका राग आला की दोघींची घड्याळे तलावात भिरकावून द्यावीशी वाटली. आईचा विषय निघाला तेव्हा जावई मोटारसायकलला किक मारत होता.

संध्याकाळी माझ्या घरी पू चालथुआमा सेवेची शेवटची नोंद भरत होते. निरोपसमारंभ, हजेरी, आणि पुढच्या रकान्यात सवयीने 'जोडीने'.

रोहमिंगीने वही आपल्याकडे ओढली. "हे खोडा."

"आता शेवटच्या दिवशी कशाला? दोन वर्षांत एकही खाडाखोड नाही माझी."

"मी तिथे नव्हते. बहिणीकडे होते. खोडा."

त्यांनी तो शब्द खोडून 'एकटा' लिहिले आणि वेळेच्या रकान्यात थबकून तिला विचारले, "बारा लिहू की अकरा?"

"बारा," ती म्हणाली. "समारंभ तिकडे होता."