शिंदे मॅडमचा नवस

शिंदे मॅडम धर्मपरायण नव्हत्या.

चौकात बॅनर लागलंय. फोटोत मॅडम, वर अगरबत्त्या, खाली मोठ्या अक्षरात 'धर्मपरायण'. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

सकाळपासून दहा जणांनी तेच बॅनर स्टेटसला ठेवलंय. ठेवा बापडे. मी सोळा वर्षं त्यांच्याच शाळेत शिकवलं, हिंगोलीच्या ह्या गोरेगावात दोन गल्ल्या सोडून राहिले, एकाच जीपनं गेले-आले. मला माहीत आहे ते मी लिहिते.

मॅडमना शुगर निघाली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घ्या आणि रोज चाळीस मिनिटं चाला.

चाळीस मिनिटं. डॉक्टरांना काय जातंय सांगायला.

पहाटे पाणी, सात माणसांच्या भाकरी, डबे, सासूबाईंचा चहा. मग जीप. मग शाळा, खिचडीची नोंद, ऑनलाइन माहिती, इलेक्शनच्या याद्या. घरी आलं की परत चूल. उरली फक्त संध्याकाळ, स्वयंपाकाच्या आधीची.

मॅडम सेनगाव रोडनं चालायला निघाल्या.

पहिल्याच दिवशी तीन जीपा थांबल्या. "मॅडम, गाडी चुकली का? बसा की, जागा हाय." एक दूधवाला तर मोटारसायकलवरून उतरून उभाच राहिला. आमच्याकडं बाई पायी दिसली म्हणजे तिची गाडी चुकलेली असते, दुसरं कारणच नसतं.

चौथ्या दिवशी घरी बातमी पोचली. सासूबाई म्हणाल्या, "दारात गाडी उभी असून सून रस्त्यानं हिंडून राहिली. लोक काय म्हणतील?"

आणि मिस्टर? ते रोज पहाटे ग्राउंडवर वॉकला जातात. पांढरे बूट, कानाला रुमाल, पाच-सहा मित्र, शेवटी हॉटेलात पोहे. त्यांना आजवर कोणी विचारलं नाही, गाडी चुकली का म्हणून. ते आम्हाला ग्रुपवर रोज 'आरोग्य हीच संपत्ती' पाठवायचे. बायकोचं चालणं बंद झालं त्या दिवशीसुद्धा पाठवलं होतं.

मग मधल्या सुट्टीत एका हुशार बाईनं आयडिया काढली. देवीच्या देवळाला फेऱ्या घाला. देवाच्या कामाला कोण आडवं येतंय?

ती हुशार बाई मी.

मॅडम खूप हसल्या. पण दसऱ्याला सुरू केलं. हातात हळदीकुंकवाची वाटी, पदर खोचलेला, आणि फेऱ्या अशा झपाझप की पुजाऱ्यानं बाजूला व्हावं.

सासूबाई एकदम खूश. स्वतः चहा ठेवायला लागल्या. नवस कशाचा म्हणून विचारलं तर मॅडमच्या तोंडून निघून गेलं, पोराच्या नोकरीचा. किती दिवस? म्हणाल्या, ह्या दसऱ्यापासून त्या दसऱ्यापर्यंत.

वर्षभर चालायची मुभा मिळवली मॅडमनी. तीन महिन्यांत शुगर खाली आली. रिपोर्ट त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला, पोरीला पहिला नंबर मिळाल्यासारखा.

एकच गोष्ट आम्हा दोघी शिकलेल्या बायांच्या डोक्यात आली नाही. देवळात माणूस अनवाणी असतं.

चैत्रात फरशी तापायला लागली. संध्याकाळीसुद्धा चटके बसायचे. बाकीच्या बाया टुणटुण उड्या मारत जायच्या, मॅडम शांतपणे फेऱ्या घालायच्या. सगळ्या म्हणायच्या, काय भक्ती आहे.

भक्ती कसली डोंबलाची. शुगरनं तळपायाला आधीच कळेनासं झालं होतं.

एक दिवस शाळेत चप्पल काढली तर तळव्याला एवढा फोड. डॉक्टर ओरडले. अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही म्हणाले. मॅडमनी त्याच दिवशी हिंगोलीतून निळे स्पोर्ट्स शूज घेतले. घरी नेले नाहीत, शाळेच्या कपाटात ठेवले.

सासूबाईंना विचारून बघितलं. त्या म्हणाल्या, "देवीच्या दारात बूट? आन् नवस अर्धा सोडायचा? पोराच्या नोकरीचा सवाल हाय."

मॅडम मला म्हणाल्या, "आता कसं सांगू, नवस नव्हताच म्हणून?"

मी काय म्हणाले असेन?

मी म्हणाले, "दसऱ्यापर्यंत काढा कसंतरी."

हे मी म्हणाले. डी.एड., बी.ए., पाचवीला विज्ञान शिकवते. मधुमेहात पायाची काळजी घ्या, हे फळ्यावर लिहिलेलं आहे मी.

जखम चिघळली. नांदेडला नेलं, आधी बोटं काढली, मग पाय. श्रावणात मॅडम गेल्या. दसरा आलाच नाही.

पोराला नोकरी अजून लागलेली नाही. सासूबाई सगळ्यांना सांगतात, नवस अर्धा राहिला ना, म्हणून. मेल्यावरही दोष मॅडमचाच. आणि मिस्टर बॅनरवर 'धर्मपरायण' लिहून मोकळे. ते आजही पहाटे वॉकला गेले होते. मी बघितलं, कारण मीही रस्त्यावर होते.

मुख्याध्यापकांना सांगून ते निळे बूट मी काल कपाटातून घेतले. मला एक नंबर मोठे होतात. जाड मोजे घातले की बसतात.

सेनगाव रोडनं चाळीस मिनिटं चालले. दोन जीपा थांबल्या. दोघांनाही सांगितलं, गाडी चुकलेली नाही, चालायलाच निघाले.

मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. पोचू द्या. उद्याही जाणार आहे.

मॅडम, तुमचा नवस नव्हताच. तुम्हाला सांगता आलं नाही, आणि मला सांगायची हिंमत झाली नाही. आज सगळ्या गावासमोर इथं लिहिते. तुम्हाला देवीकडून काही नको होतं. तुम्हाला फक्त चालायचं होतं.

मला माफ करू नका.

शिंदे मॅडम, तुम्हाला शेवटचा नमस्कार.