वैशाखातल्या ओढ्याचं वरण

तातेराव माझा धाकटा भाऊ, पण हट्टाला आजोबा. जाफ्राबादकडं डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. श्रावणातल्या सप्त्याला पंगतीचं वरण हाच करतो, अन् जंगलातून येणाऱ्या ओढ्याच्या पाण्यातच करतो. डाळ अशी मऊ शिजून गळते म्हणता! "विहिरीच्या पाण्यात नुसता चुना, डाळ शिजतच न्हाई. अन् डाळीत सोडा टाकणाऱ्यानं सोताला आचारी म्हणू नये," हे त्यानं अख्ख्या जिल्ह्याला ऐकवून ठेवलेलं.

मंग वैशाखात त्याच्या पोरीचा, शीतलचा साखरपुडा आला. पाव्हणे घनसावंगीचे. "उषाआक्का, सोयऱ्यायला ओढ्याच्या पाण्याचंच वरण खाऊ घालतो," म्हणला. ट्रॅक्टरवर टाकी घालून जंगलात गेला. ओढा कसला! खडकातून करंगळीएवढी धार गळून राह्यलेली. तेच पाणी मोठ्या भक्तीनं भरून आणलं.

पाव्हणे पंगतीला बसायची वेळ झाली, अन् डेगीत डाळ वेगळी, पाणी वेगळं. तातेराव चुलीत लाकडं कोंबून राह्यला. "सरपण ओलं हाय," म्हणे. वैशाखात ओलं!

शीतल नव्या साडीतच चुलीपाशी आली. डेगीच्या काठाला पांढरा थर धरला होता. तिनं तो नखानं खरवडला.

"आबा, हा चुनाच की. श्रावणात पाणी डोंगराच्या मातीवरून पळत येतं, दगडाजवळ थांबतच न्हाई. आत्ताचं पाणी कितीक महिने खडकाच्या भेगात, चुनखडीत मुरून आलंय. मंग विहिरीत अन् ह्याच्यात फरक काय?"

"आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही कुणाला विचारलं का?"

मी म्हणलं, "सोडा आण."

"जीव गेला तरी न्हाई, आक्का!"

माझं डोस्कंच फिरलं. "मुडद्या, पहिल्याच पंगतीतून पाव्हणे उपाशी उठले तर पोरीला जल्मभर टोमणे खावे लागतील. तुझ्या नाकापाई?"

त्यानं शीतलकडं पाह्यलं. तिच्या डोळ्यात पाणी आल्तं. गडी उठला, सोताच दुकानात पळाला अन् सोताच्याच हातानं सोडा टाकला. घटकाभरात डाळ गळली.

विहीणबाई तुळजाबाईंनी दुसऱ्यांदा वरण मागितलं. "काय चव हाय हो ओढ्याच्या पाण्याला!"

आता गप बसावं की न्हाई? ह्यानं हात जोडले. "खोटं कशाला बोलू? सोडा टाकलाय."

मी मनात म्हणलं, मोडलं लग्न.

तुळजाबाई म्हणल्या, "मंग काय झालं? आमच्याकडं तर रोजच टाकतो. तुमचं सोड्यावरचं बोलणं ऐकून मीच भ्याले होते, सून आली की मला सैपाकघरातून हाकलती की काय!"

सगळी पंगत हासली. तातेरावानं ताट घेतलं, पोरीच्या शेजारी बसला अन् पहिल्याच घासाला ढसाढसा रडाया लागला. मला बी भरून आलं. पण म्हणलं, "रड बाबा, पण ताटाच्या बाहेर. मीठ आधीच जास्त झालंय."