मागाच्या खड्ड्यातला जॉईंट

हे मले आत्ताच सांगावं लागते. उद्यावर ठेवलं तर मीच म्हणीन का जाऊ दे, कान वाजले असतील. म्हणून भराभर टाइप करून राहिली, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. फोनचा रिसीव्हर टेबलावर उलटा पडला आहे. तो मी वापस ठेवला नाही, अन् ठेवायची हिंमत बी नाही.

पण एकदम आजचं सांगितलं तर काही समजणार नाही. तीन वर्षं आधीचं सांगते.

आमचं घर मोहाडीले. समोर दोन खोल्या अन् त्यांच्या पाठीशी हातमागाची खोली. बाबाचे वडील, आम्ही त्यायले आबाजी म्हणायचो, जन्मभर तिथीच विणत बसले. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसते, पाय खाली खड्ड्यात. पायाखाली दोन फळ्या, एक दाबली का दुसरी वर येते. प्रत्येकाचा हात वेगळा असते, विणकराच्या घरात ते झोपेतही ओळखू येते. आबाजीचा असा होता : अकरा ठोके, मग थांबायचे, विणलेल्या कापडावरून तळहात फिरवायचे, मग पुन्हा अकरा. मी आकडे त्याच्यावरच शिकली. पहिलीत अकरापर्यंत धडाधड म्हणायची अन् चूप बसायची. बाई म्हणायच्या, पुढचे कोण म्हणीन?

आबाजी गेले तेव्हा मागावर अर्धं कापड होतं. अर्धं कापड आमच्या घरी कोणी कापत नाही, म्हणून ते तसंच राहिलं. बाबानं खोलीले कुलूप लावलं. बाबा राईस मिलमध्ये कामाले, माग त्यायनं पोरपणीच सोडला होता.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी दहावी पास झाली. मले कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता. कोणकोणतं कॉलेज पाहिजे ते ऑनलाईन भरून कन्फर्म करायचं होतं, शेवटची वेळ शुक्रवारी पाच. बाबानं सांगून ठेवलं होतं, "यंदा नंबर लागला तं लागला. नाही तं इथीच आर्ट्सले जायचं."

सोमवारी मी फॉर्म उघडला अन् तीन वाजता नेट गेलं. मोडेमचा लाईट लुकलुक करायचा, मिनिटभरानं स्थिर व्हायचा, मी दोन कॉलेजं टाकत नाही तर पुन्हा लुकलुक. मंगळवारी तीनलेच. बुधवारीही तीनलेच. सकाळपासून अडीचपर्यंत लोडशेडिंग. अन् संध्याकाळी नेट चालायचं तर साईट उघडायची नाही, अख्खा महाराष्ट्र तिथीच बसला असायचा. बाजारातला कॅफेवाला मेहुणीच्या लग्नाले सिहोऱ्याले गेला होता, शटर बंद.

मी सगळं करून पायलं. वायर काढून लावली, पिन पुसली, मोडेमखाली टेबल फॅन लावला.

आई म्हणे, "त्याले बी दुपारची झोप लागत असन."

कस्टमर केअरवाला म्हणे, "मॅडम, मोडेम बंद करून चालू केला का?"

"सात वेळा केला."

"एकदा अजून करून पाहा."

गुरुवारी मी टेलिफोन ऑफिसात पळत गेली. आमच्या घरी फोन बसवणारे लाईनमन काका तिथी चहा पिऊन राहिले होते. ते म्हणे, "नेट गेलं का रिसीव्हर उचलून पाय. टोनमधी खरखर येते का? येत असन तं कुठीतरी जॉईंट ढिला हाय. हालला का नेट तुटते."

घरी आली, तीन वाजले, नेट गेलं. रिसीव्हर उचलला. टोन होता अन् त्यात खरखर होती. खर्र, खर्र, खर्र. एकसारखी, जशी कोणी मोजून करून राहिलं. मी मोजत नव्हती, पण आत मोजल्या जाऊन राहिलं होतं. अकरावर ती थांबली. मग पुन्हा सुरू. पुन्हा अकरावर थांबली.

मी रिसीव्हर ठेवून दिला. मागाच्या खोलीच्या दारापाशी गेली. कुलूप लटकलेलं, कुलपावर कोळ्याचं जाळं. दाराले कान लावला. आत काहीच नाही. फोनमध्ये ठोके अन् खोलीत चुप्प. त्या दिवशी मी पुन्हा नेट चालू केलं नाही.

शुक्रवारी मिलले सुट्टी, बाबा घरीच. तीन वाजले अन् लाईट लुकलुकला. रिसीव्हर उचलला तर आज खरखर वेगळीच. भराभर, थांबायचं नावच नाही. वीस झाले, तीस झाले, चालूच. मी उठून पळतच मागं गेली. कुलूप उघडं होतं.

आत बाबा बनियनवर खड्ड्यात पाय सोडून बसले होते. हात मांडीवर, पाय चालू.

"काय करून राहिले तुमी?"

"काही नाही वं. सुट्टी हाय तं म्हणलं पाहावं, पाय विसरले का."

"नेट गेलं बाबा."

"मंग मी का नेट खाल्लं?"

मी टॉर्च आणला अन् खड्ड्यात वाकून पायलं. बाबाच्या गुडघ्याजवळ भिंतीले वायर होती, तिले काळी टेप गुंडाळलेली. जॉईंट. तो फळीच्या दोरीत अडकला होता, फळी हालली का जॉईंट हालायचा. मले एकदम आठवलं. फोन पयले याच खोलीत होता. व्यापाऱ्याचा फोन आला तर खड्ड्यातून उठावं लागू नये म्हणून आबाजीनं लाईनमन काकाशी भांडून तो पायापाशी लावून घेतला होता. आबाजी गेल्यावर फोन समोर नेला, तेव्हा तिथीच वायर जोडली.

जॉईंटले मी हात लावायले गेली तर बाबा म्हणे, "राहू दे, तुटला तं सगळंच जाईन."

साडेतीन झाले होते. "मंग डावा पाय दाबून ठेवा," मी म्हटलं अन् समोर पळाली. आई मधल्या दारात उभी राहून इकडचं तिकडं सांगू लागली. डावी फळी खाली असली का लाईट स्थिर. उजवी दाबली का गेला.

"डावा दाबून ठेवा म्हणते," आई ओरडली. "हालायचं नाही म्हणते."

"कवाधरी?"

"फॉर्म होतवर म्हणते."

"अन् फॉर्म कवा होते?"

ते मलेही माहीत नव्हतं. साईट रांगत होती. आई मधूनच बाबाले म्हणे, "तुमच्या बापानं असं बसवलं असतं तं तुमी पळून गेले असते."

बाबा आतून बोलले, "बसवलंच होतं. पळालोच होतो."

पाचले दहा कमी असताना कन्फर्म झालं. बाबाचा पाय मुंग्या येऊन दगड झाला होता. मी अन् आईनं दोन्हीकडून धरून त्यायले खड्ड्यातून बाहेर काढलं. आई चहा ठेवायले गेली तेव्हा मी इचारलं, "बाबा, तुमी थांबत काहून नव्हते? आबाजी अकरावर थांबायचे."

"मले ते कधी जमलंच नाही. त्याच्यापायीच मार खाल्लो मी."

"पण काल तर थांबून राहिलं होतं. फोनमध्ये. बरोबर अकरावर."

बाबा पाय चोळत होते, ते थांबले. "काल मी मिलमधी होतो. कुलूप आजच उघडलो, जाळं काढून." मग त्यायनं मागावरच्या अर्ध्या कापडाकडे पायलं अन् म्हणे, "ही वायर काढून टाकू."

पुढच्या आठवड्यात लाईनमन काकानं नवीन वायर गच्चीवरून टाकली, एकच तुकडा, कुठी जॉईंट नाही. जुनी तोडून गुंडाळून घेऊन गेले. जाता जाता म्हणे, "आता कोणीबी हालवलं तरी टोन हालत नाही."

अन् खरंच हालला नाही. माझा नंबर लागला, मी नागपूरले होस्टेलवर राहायले गेली. तीन वर्षांत नेट असं कधी गेलं नाही.

आता आजचं. मी सुट्टीत घरी आहे. पुण्याच्या ट्रेनिंगचा फॉर्म उघडून बसली होती, शेवटचा दिवस, पाचच्या आत भरायचा. बाबा मिलमध्ये, आई जवाहरनगरले मावशीकडे. घरात मी एकटी. तीन वाजले अन् मोडेमचा लाईट लुकलुकला.

मी बंद करून चालू केला. मग हात आपोआप रिसीव्हरवर गेला.

टोन साफ होता. खरखर नाही. पण टोनच्या मागून, लांबून, खट, खट, खट. अकरा. मग थांबणं. तेवढ्या वेळात काय होत असते ते मले माहीत आहे. माझाच तळहात टेबलावरून फिरला. पुन्हा अकरा. कुलपाची किल्ली बाबाच्या खिशात, अन् त्या खोलीत आता वायरच नाही.

मी रिसीव्हर कानाले लावूनच बोलली. काहून बोलली माहीत नाही. म्हटलं, "आबाजी, मले फॉर्म भरायचा आहे. डावा पाय."

ठोका मधातच थांबला. सातवर. आठवा आलाच नाही.

लाईट स्थिर झाला. तो तेव्हापासून हालला नाही. मी फॉर्म भरला, फोटो चढवला, सही चढवली, साडेचारले कन्फर्म झाला. रिसीव्हरमधला टोन कवाचाच बंद पडला, आता तिथी नुसतं शांत आहे, पण कोणी ऐकत असल्यावर असते तसं शांत. ठेवून दिला तर वाटते तिकडं तो पाय उचलल्या जाईन. अन् नाही ठेवला तर म्हातारा माणूस किती वेळ दाबून बसणार, मुंग्या येत नसतील का त्यायले? बाबा सहाले येतील. तोपर्यंत मी इथीच आहे. तुमच्याकडे असं झालं का कधी, कोणी गेलेलं माणूस तुमच्या कामासाठी थांबून राहिलं? अन् मग तुम्ही त्यायले उठा म्हणून कसं सांगितलं?